शाळेच्या दारातील आईबाप : ‘अनास्थे’च्या आरोपाचा इतिहास

एक

शिक्षणाच्या प्रश्नावर आपल्याकडे जे अहवाल लिहिले गेले, त्यांत एक शब्दप्रयोग वरचेवर भेटतो : ‘पालकांची अनास्था’. मुले शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, टिकली तर वर सरकत नाहीत. याची कारणे मांडताना जात, मजुरी, भाषा आणि अंतर यांची नावे घेण्याआधी आईबापांचे नाव घेतले जाते. तपासणीला आलेला अधिकारी ते घेतो, पाड्यात वस्तीला न राहणारा मास्तर ते घेतो, आणि शिकून शहरात स्थिरावलेला आपलाच माणूसही आता ते घेऊ लागला आहे. या शेवटच्या गोष्टीची चिंता अधिक वाटते. कारण प्रस्थापितांनी केलेला आरोप जेव्हा आपण आपल्याच आईबापांवर उच्चारू लागतो, तेव्हा तो खरा ठरल्यासारखा होतो.

‘अनास्था’ या शब्दात एक निवाडा दडलेला आहे. सावकाराच्या वहीत जसे न घेतलेले कर्ज कुळाच्या नावावर चढते, तसे या शब्दामुळे समाजाचे आणि शासनाचे देणे आईबापांच्या नावावर चढते. म्हणून हा आरोप इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणे आवश्यक आहे. ज्यांना शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्या आईबापांनी मुलांच्या शिक्षणासाठी प्रत्यक्षात काय केले? त्यांचा आधार कोठवर पोहोचला आणि कोठे तुटला? आणि तो तुटला तेव्हा तो कोणी तोडला? या प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण धारवाडपासून निघून सातपुड्याच्या पायथ्याच्या तळोद्यापर्यंत जाणार आहोत. कारण दलित आणि आदिवासी यांचा हा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी आलेला असला, तरी आरोप मात्र दोघांवर एकच आहे.

दोन

शूद्रातिशूद्रांना शिक्षण नकोच होते असे म्हणणाऱ्याने प्रथम धारवाडचे प्रकरण वाचावे. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. एका मुलाला आत घेतले तर बाकीची मुले निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असा मुंबई सरकारचा युक्तिवाद होता. प्रकरण हिंदुस्थान सरकारपर्यंत आणि पुढे विलायतेत कंपनीच्या संचालकांपर्यंत गेले. सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत हे तत्त्व कागदावर मान्य झाले, परंतु मुलांना ओट्यावर, दाराबाहेर बसविण्याची प्रथा गावोगाव चालूच राहिली. १८८२ च्या हंटर आयोगानेही तत्त्व मान्य केले आणि सवर्णांचा रोष नको म्हणून स्वतंत्र शाळांची वाट दाखविली. अस्पृश्यांच्या मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या शाळांचे अनुदान बंद करण्याचा ठराव मुंबई सरकारला करावा लागला तो १९२३ मध्ये. म्हणजे धारवाडच्या अर्जानंतर ६७ वर्षांनी. या ६७ वर्षांत अनास्था कोणाची होती, हे सांगायला पाहिजे काय?

याच काळात जोतीराव फुले यांनी या प्रश्नाचे मर्म ओळखले होते. त्यांनी मुलींची शाळा काढली, अतिशूद्रांची शाळा काढली. पण १८५५ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळाही काढली, याचा उल्लेख आपण पुष्कळदा ओझरता करून पुढे जातो. दिवसभर राबणाऱ्या प्रौढ माणसाला, म्हणजेच कोणाच्या तरी आईला आणि बापाला अक्षर मिळाले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. त्याच वर्षी लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ या नाटकातले जोडपे पाहा. बाई गरोदर आहे. जोशी ग्रहांची भीती घालून त्या घराला लुबाडतो. शेवटी नवराबायको दोघेही शिकायला जायचे ठरवितात. मूल अद्याप जन्मलेले नाही, आणि त्याच्या शिक्षणाची पहिली पायरी त्याचे आईबाप चढत आहेत! पालकांनी मुलाच्या शिक्षणाला आधार कसा द्यावा, या प्रश्नाचे मराठीतील हे पहिल्या उत्तरांपैकी एक होय.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात जोतीरावांनी आणखी स्पष्ट सांगितले. शेतकरी वर्गातील मुले शाळेत फार काळ टिकत नाहीत याचे कारण त्यांनी दारिद्र्य हे दिले. गुरे राखायला आणि शेत सांभाळायला घराला मुलांचे हात लागतात. शिवाय शाळेत टिकून राहावे असे कोणतेही उत्तेजन त्यांना मिळत नाही. म्हणून शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसे द्या, किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो हेही त्यांनी सुनावले. मुलाचे हात घराला का लागतात याचा हिशेब त्यांनी मांडला. त्या हिशेबात आईबाप आरोपी नव्हते.

येथे कोणी म्हणेल की सक्ती म्हणजे पालकांवरचा अविश्वासच नव्हे काय? बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण आणले. खानदेशाच्या सीमेपलीकडचा सोनगड-व्यारा हा मुलूख त्याच संस्थानातला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. परंतु दंडाचे कलम वाचताना त्याच्या मागचे-पुढचे वाचले पाहिजे. महाराजांनी आधी वसतिगृहे उभी केली, फी माफ केली, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. राज्याने आपला वाटा उचलला आणि मग बापाकडे त्याचा वाटा मागितला. ज्या राज्याने शाळाच उभी केली नाही, त्याला बापाला दंड करण्याचा आणि अनास्थेचा ठपका ठेवण्याचाही अधिकार पोहोचत नाही.

तीन

दलित समाजातील आईबापांच्या प्रयत्नांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ. परिचित असल्यामुळेच ते नीट तपासले जात नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवीत आणि स्वतः त्या जागी आडवे होत. पुस्तकांसाठी ते लग्न झालेल्या मुलींकडे उसने मागत, त्यांचे दागिने गहाण ठेवीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. परंतु भक्तीने इतिहास कळत नाही. रामजींजवळ असे काय होते, जे गावकुसाबाहेरच्या हजारो बापांजवळ नव्हते? ते स्वतः लष्करी शाळेत शिकलेले व तेथेच शिकविणारे होते. लष्कराने त्यांना अक्षर दिले, पेन्शन दिले आणि गावकामाच्या जोखडातून बाहेर काढले. महारकी करणाऱ्या, वेठीला जुंपलेल्या बापाचे मुलावरचे प्रेम काही कमी नव्हते. कमी होती ती त्याच्या हातातली वेळ आणि सत्ता. आणि जे लष्कर ही वाट होते, त्यातील महारांची भरती त्याच शतकाच्या अखेरीस बंद झाली. अनास्थेने बंद झालेली ही वाट नव्हती. ती हुकमाने बंद झाली.

या कथेतील दुसरी गोष्ट अशी की, एका मुलाच्या पुस्तकामागे दोन बहिणींचे दागिने होते. पालकांचा आधार म्हणजे एकट्या बापाचा निर्धार असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्यात ज्या मुली शाळेत गेल्या नाहीत, त्यांचाही वाटा असतो. त्या वाट्याची नोंद कोणी केली? ही नोंद पुढे बाबासाहेबांनीच केली असे म्हणावे लागेल. ऑगस्ट १९१३ मध्ये अमेरिकेतून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. मुलांचे भवितव्य घडविणे आईबापांच्या हाती आहे, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकविले तर आपली प्रगती फार वेगाने होईल. वडिलांच्या मृत्यूला तेव्हा सहाच महिने झाले होते. कर्मसिद्धान्ताने माणसाला जे पारतंत्र्य दिले, त्याला आईबापांच्या कर्तृत्वाने दिलेला हा छेद आहे.

पण बाबासाहेबांनी केवळ आईबापांना उपदेश करून प्रश्न सोडून दिला नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी एक हिशेब मांडला : प्राथमिक शाळेत पाऊल ठेवणाऱ्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. ही ८२ मुले कोणाच्या तरी आईबापांनी शाळेच्या दारापर्यंत आणून सोडलेलीच होती, हे लक्षात घेतले पाहिजे. आणण्याचे काम त्यांनी केले; टिकविण्याचे काम व्यवस्थेने केले नाही. म्हणून बाबासाहेबांनी दोन्ही आघाड्या एकाच वेळी लढविल्या. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले; व्हाइसरॉयच्या मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची तरतूद करून घेतली, ती १९४४ पासून सुरू झाली आणि १९४८ नंतर अनुसूचित जमातींनाही मिळू लागली. आणि दुसरीकडे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांना त्यांनी सांगितले : मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा पेरा, त्यांचा न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका. हे ऐकणाऱ्या बहुसंख्य बाया स्वतः निरक्षर होत्या. तरीही त्यांना करता येण्यासारखे नव्हते असे त्यात काहीच नव्हते. आधार देण्यासाठी आईला वाचता यावेच लागते, हा समज या भाषणाने मोडीत काढला.

चार

दलितांच्या मुलांपुढे शाळेचे दार बंद होते. आदिवासींच्या मुलांपुढे पुष्कळदा दारच नव्हते. हा फरक विसरून चालणार नाही. पण तो सांगून दोघांना वेगळे पाडण्याचेही कारण नाही. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्टे समितीने अस्पृश्य वर्ग आणि आदिवासी जमाती या दोघांच्या स्थितीचा एकत्र विचार केला, आणि तिचे एक सभासद डॉ. आंबेडकर होते. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यानेही ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जमातींना सामावून घेतले. म्हणून तळोद्याचा प्रश्न हा आपलाच प्रश्न आहे.

तळोदा हे तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. पूर्वी हा पश्चिम खानदेशाचा भाग होता, नंतर धुळे जिल्ह्याचा, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्याचा. एकोणिसाव्या शतकात तळोद्याची ख्याती होती ती लाकडाच्या बाजारासाठी. डोंगरातले लाकूड येथे उतरे आणि खानदेशभर जाई. ज्यांच्या जंगलातून ते लाकूड आले, ते भिल्ल आणि पावरा वनकायद्यांनी आपल्याच जंगलात परके झाले. सपाटीवरच्या जमिनी सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या आणि जमिनीचा मालक सालदार झाला.

सालदार म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगावे लागेल. ठरावीक रक्कम आणि धान्य यांवर माणूस वर्षभरासाठी बांधला जातो. खानदेशात हे साल आखाजीला ठरे. आखाजी येते वैशाखात. शाळा उघडते जूनमध्ये. म्हणजे शाळेची घंटा होण्याआधीच बापाचे वर्ष विकले गेलेले असे. बाप मालकाच्या गोठ्यात, आई मालकाच्या शेतात, थोरले पोर मालकाच्या गुरांमागे आणि थोरली पोरगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन झोपडीत. या घराला विचारायचे, ‘मुलाला शाळेत का पाठवीत नाही?’ फुल्यांनी १८८२ मध्ये सांगितलेली गुरे तीच होती; बदलला होता तो त्यांचा मालक.

तरीही येथील माणूस निपचित पडून राहिला नाही. १९३० च्या दशकात तळोदा परिसरात गुलाम महाराजांची चळवळ उभी राहिली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना मानाने ‘आप’ म्हणा, असे सांगणाऱ्या या चळवळीने हजारो आदिवासींना एकत्र आणले. १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे नेली. २ मार्च १९४३ रोजी तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे जमलेल्या या लोकांवर इंग्रज सरकारने गोळीबार केला आणि माणसे मारली. ही काही शाळेची चळवळ नव्हती. मग शिक्षणाच्या इतिहासात तिचे स्थान काय? ज्याला साऱ्या गावाने ‘अरे’ म्हटले, त्याला घरातले आणि जातीतले माणूस ‘आप’ म्हणू लागले. मुलाने आपल्या बापाला मान मिळताना पाहिले. असा मान मिळालेला बापच मास्तरांपुढे उभा राहून बोलू शकतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शेजारच्या शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथीदारांनी जमिनीचा व मजुरीचा लढा पुकारला, श्रमिक संघटना उभी राहिली, आणि तिचे लोण तळोद्याकडेही आले. सालदाराची मजुरी, गेलेल्या जमिनी आणि रोजगार हमी हे तिचे प्रश्न होते. १९७३ मध्ये या भागातील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव जाऊन दारूचे अड्डे मोडले, मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. या घटना आपण स्त्रीमुक्तीच्या आणि शेतमजुरांच्या चळवळीच्या इतिहासात वाचतो. त्या शिक्षणाच्या इतिहासातही वाचल्या पाहिजेत. ज्या घरात संध्याकाळी मारझोड थांबली, मजुरीचा पैसा गुत्त्याऐवजी चुलीपाशी आला, त्या घरात मुलाला पाटी घेऊन बसायला जागा झाली. त्या बायांनी बहुधा पुस्तक हातात धरले नव्हते. पण अभ्यासाला लागणारी शांतता त्यांनी स्वतःच्या हाताने मिळविली.

पाच

अनास्थेच्या आरोपाला सर्वांत ठोस उत्तर मिळाले ते नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे येत होती. सरकारी कागदांवर या डोंगरात शाळा होत्या. गावकऱ्यांचे म्हणणे असे की मास्तर दिसे तो १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी नर्मदा बचाओ आंदोलनात उतरलेल्या या लोकांनी चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांत स्वतःच्या ‘जीवनशाळा’ सुरू केल्या. बांबू-लाकडाची इमारत गावाने उभारली. शिक्षक त्याच भागातले, मुलांची बोली जाणणारे होते. मुले आधी आपल्या भाषेत शिकली, मग मराठीत आली, आणि चौथीच्या परीक्षेला बसली. पाणी चढले तेव्हा शाळा वर सरकवून पुन्हा उभ्या केल्या.

ज्यांच्याविषयी ‘यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असे लिहिले गेले, त्यांनीच घर बुडत असताना शाळा बांधली. तर मग आधी त्यांची मुले शिकत का नव्हती? कारण उघड आहे. जी शाळा येत नाही आणि आली तरी परक्या भाषेत बोलते, तिच्याकडे लोकांनी पाठ फिरविली होती. ती पाठ शाळेकडे होती, शिक्षणाकडे नव्हती.

या बुडितातील अनेक कुटुंबे तळोदा तालुक्यात, सोमावल आणि आसपासच्या पुनर्वसन वसाहतींत आणून बसविली गेली. डोंगरातले आईबाप सपाटीवर आले. त्यांच्यापुढे आता दुसरीच शाळा आहे, आणि दुसरेच प्रश्न आहेत.

सहा

आज तळोद्यात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील आश्रमशाळा त्याच्या कक्षेत येतात. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के आदिवासी लोकसंख्येच्या नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता जेमतेम ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. राज्याची ८२ टक्क्यांवर होती. सालदाराची जागा पुष्कळ ठिकाणी ऊसतोडीने घेतली आहे. पावसाळा संपता संपता मुकादमाची उचल घरात येते, दिवाळीनंतर नवराबायकोचा कोयता गुजरातच्या उसाच्या फडावर जातो आणि होळीला माणसे परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच महिन्यांचे. बापाचे वर्ष आखाजीला विकले जाई, आता मुलाचे अर्धे वर्ष दिवाळीला गहाण पडते.

अशा स्थितीत आईबापांनी काय करावे? कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी त्यांच्या बरोबरीने काय करावे? शाळेच्या वर्षांचा क्रम लावूनच हे पाहू.

पहिलीत नाव घालताना रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख आणि जमात कशी लिहिली जाते, हे समोर उभे राहून पाहणे हे आईबापांचे पहिले काम. मास्तराने १ जून ही तारीख ठोकून द्यायची आणि जमातीच्या रकान्यात काहीतरी अर्धवट लिहायचे, हे पुढे पंधरा वर्षांनी महागात पडते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जमातीच्या मुलाकडे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जातीच्या मुलाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या आजोबांना शाळाच नव्हती, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला कोठून आणायचा? नसलेल्या शाळेचा दाखला मागणारी ही व्यवस्था आहे! म्हणून कोतवालबुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी आणि महसुली कागद शोधण्याचे काम दहावीनंतर धावपळीत न करता मूल लहान असतानाच वस्तीने मिळून सुरू करावे.

पहिली-दुसरीत प्रश्न भाषेचा. घरात भिलोरी, देहवाली किंवा पावरी आणि शाळेत प्रमाण मराठी. मूल गप्प बसते आणि मास्तर त्याला ‘मठ्ठ’ ठरवितो. येथे निरक्षर आईजवळ जे आहे ते मास्तराजवळ नाही : गोष्टी, गाणी, झाडांची नावे, बाजारातले मापन. तिने मुलाशी आपल्या भाषेत भरपूर बोलावे. ‘आपली भाषा सोड’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथे मातृभाषेतून शिकवा असेच सांगतो.

चौथी-पाचवीच्या सुमारास पुष्कळ पाड्यांतील शाळा संपते आणि मूल आश्रमशाळेत जाते. येथे आईबापांचा हात सुटतो आणि तेथेच मुले गळतात. मुलाला एकदा सोडून आले की काम संपले, असे होऊ देऊ नये. आठवडेबाजाराला तळोद्यात उतरणाऱ्या बापाने त्याच फेरीत जमेल तेव्हा मुलाला भेटावे. जेवण काय, झोपायला जागा कोठे, आजारी पडल्यावर दवाखान्यात कोण नेते, हे विचारावे. एकट्याला दरवान अडवितो. पाच-सहाजण मिळून गेले तर अडवीत नाही.

सातवी-आठवीत मुलगा कमावता दिसू लागतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. शासनाने १९९२ पासून पहिली ते चौथीतील गरीब आदिवासी-दलित मुलींना हजेरीबद्दल रोज १ रुपया देऊ केला; वयात आलेल्या मुलीला ओढणारी शक्ती त्याहून फार मोठी आहे. येथे नागपूरच्या परिषदेतले शब्दच कामाला येतात : घाई करू नका. मुलीचे एक वर्ष लांबविणे हा आईबापांनी दिलेला सर्वांत मोठा आधार आहे. त्याची किंमत घराला मोजावी लागते, हे ओळखून वसतिगृह आणि शिष्यवृत्ती वेळेवर मिळवून देणे हे कार्यकर्त्याचे काम होय.

आणि फडावर जाताना? मुलाला नेऊ नये, असे सांगणे सोपे आहे. पण मागे त्याला कोणाजवळ ठेवायचे? हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. तिची मागणी दिवाळीनंतर केली तर उपयोग नाही. ती दसऱ्याआधी, उचल घेण्याच्या आधी, ग्रामसभेत ठराव करून केली पाहिजे. गावात राहणाऱ्या आजी-आजोबांना आधार मिळाला तर मूल घरीच राहील.

सात

वर सांगितलेली कामे एकट्या आईने किंवा बापाने करायची म्हटली तर ती होणार नाहीत. इतिहासाचा निष्कर्ष हाच आहे. रामजींच्या मागे लष्करी शाळा आणि मुलींचे दागिने होते. नागपूरच्या बायांच्या मागे परिषद होती. शहाद्याच्या बायांच्या मागे संघटना आणि निमगव्हाणच्या आईबापांच्या मागे आंदोलन होते. जेथे एकटा बाप उभा राहिला, तेथे तो दारातून परत पाठविला गेला. जेथे वस्ती उभी राहिली, तेथे दार उघडले किंवा नवी शाळा बांधली गेली. आईबापांचे प्रेम मुलाला शाळेपर्यंत आणते. त्याला तेथे टिकवून धरते ती आईबापांची संघटित सत्ता.

या सत्तेची एक जागा आज कायद्याने दिलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि दुर्बल व वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. प्रत्यक्षात या समितीची सभा पुष्कळदा सहीपुरती होते. मजुरीवर गेलेल्या बाईचा अंगठा तिच्या घरी येऊन घेतला जातो. ही सभा रात्री किंवा बाजाराच्या दिवशी, लोकांच्या बोलीत घ्यायला लावणे हे जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेचेच पुढचे काम आहे. ते तरुणांनी हाती घ्यावे. त्यासाठी निधी लागत नाही.

शिक्षक बांधवांना एकच विनंती करावीशी वाटते. हजेरीपटासमोर शेऱ्याच्या रकान्यात ‘पालकांची अनास्था’ असे लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे त्याच रकान्यात लिहावीत : या महिन्यात शाळा किती दिवस उघडी होती? मुलाशी त्याच्या भाषेत कोण बोलले? त्याच्या घराची उचल किती आणि कोणाची? आणि त्याच्या आईला समितीच्या सभेचा निरोप कोणी दिला? ही उत्तरे लिहून झाल्यावरही तो शब्द लिहिण्याची गरज उरली, तर खुशाल लिहावा.